उंबरठ्याची रेघ

डोंगरसुद्धा तरुण होते म्हणतात, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. चीन देशातल्या एका खेड्यात एक आई राहायची. तिच्या लेकीने आपल्या पसंतीचा मुलगा सांगितला, तेव्हा पुरतं ऐकूनही न घेता आईने दोघांच्या तोंडावर दार लावलं. लेक सात डोंगरांपलीकडे संसाराला लागली.

तीन वर्षं झाली. आई अजून हाताच्या सवयीने दोघींचे तांदूळ काढायची आणि मग एक मूठ मडक्यात परत टाकायची.

शेवटी ती गावातल्या म्हाताऱ्या पंतोजींकडे गेली. "मला 'परत ये' एवढंच लिहायला शिकवा."

"मीच लिहून देतो की, माई."

"नको. दार मी लावलं होतं, लिहायलाही मीच हवं."

तिकडे आपल्यासारखी बाराखडी नसते हं, बाळांनो. एकेका शब्दाचं एकेक चित्र. 'परत ये' म्हणजे मोठ्या चौकोनी घरात एक छोटं चौकोनी घर. पंतोजी म्हणाले, "आधी डावी भिंत, मग छप्पर नि उजवी भिंत, मग आतलं छोटं घर. उंबरठ्याची रेघ अगदी शेवटी."

आईने आधी चारी बाजू बंद केल्या, मग आतलं घर काढलं.

"माई, हातात कुंचला आहे, लाटणं नव्हे! क्रम चुकला."

"दिसतंय तर तेच ना? खेचरवाला निघालाय लेकीच्या गावाला." तिने पत्र तसंच धाडलं.

दोन महिन्यांनी खेचरवाला एकटाच परतला. "लेकीने पत्र आधी छातीशी धरलं. मग उजेडात न्याहाळलं आणि रडली."

लेकही याच पंतोजींकडे शिकलेली. कोणती रेघ कोणत्या रेघेवर चढली, हे तिला शाईवरून कळायचं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आईने दार आधीच लावून घेतलंय. मग मी आत येऊ कुठून?"

आई तशीच पंतोजींकडे गेली आणि रेघांचा क्रम पुन्हा विचारून आली.

दुसऱ्या दिवसापासून तिने नेम धरला. पहाटे स्नान करायचं, देवापुढे दिवा लावायचा आणि अंगणातल्या दगडावर पाण्याने तेच चित्र काढायचं. पाणी वाळलं की पुन्हा काढायचं. शेवटच्या रेघेआधी तिचा हात थांबायचा. ती वाटेकडे बघायची, "आलीस का गं?" म्हणायची आणि मगच उंबरठा ओढायची.

पुढच्या खेपेला नवं पत्र गेलं.

एका संध्याकाळी खेचरांच्या घंटा वाजल्या. लेक दारातून आत आली, आईच्या गळ्यात पडली. मग म्हणाली, "आई, दार लाव ना. वारं बोचतंय."

"थांब गं. घाई कसली?" आईने बाहेर डोकावून पाहिलं. "जावईबापू, खेचरापाशी का उभे? आत या आधी."

त्या संध्याकाळी मडक्यात मूठ परत गेली नाही, उलट एक मूठ जास्तच निघाली.

म्हणून सांगते, चांगली गोष्टसुद्धा क्रमानेच करावी: आधी माणसाला आत घ्यावं, दार शेवटी लावावं.