चिंचेच्या पाण्यातलं पातं

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि राजपुत्राच्या गळ्याकडे रोज बोटभर सरकणारी एक वेल होती.

झालं असं, की राजानं महालासाठी विकटनाथ जादूगाराची देवराई तोडली. जादूगार म्हणाला, "राजा, तुझ्या पोराला माझी वेल गिळील. कठीण पातं तिच्यावर मोडेल, मऊ पातं वाकेल. ज्याचं पातं मोडेल त्याचा हात दगड होईल." एवढं बोलून तो धुकं झाला आणि डोंगरावर जाऊन बसला. केलं बापानं, भोगलं लेकरानं, काय म्हणावं!

त्या राज्यात हैबती लोहार तलवारी घडवी. त्याची बायको तुळजा त्याच भट्टीवर विळे नि खुरपी करी. "तुझं मऊ लोखंड गवतालाच बरं," असं तो तिला चिडवी. मोठ्या तोऱ्यात तो कठीण पोलादाचा सुरा घेऊन महालात गेला. पहिल्याच घावाला सुरा मोडला आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत दगड झाला. तेव्हापासून तो भट्टीकडे पाठ करून बसे. तुळजा त्याला घास भरवी. तिचा जीव तुटे, पण बोलायची सोय नव्हती.

वेल राजपुत्राच्या छातीशी आली, तेव्हा अंगणातल्या उंबरावरून तांबट पक्षी बोलला. जन्मभर टुकटुक ठोकणारा पक्षी तो, त्याला या कामातलं कळणारच.

"लोहारणी, कठीण आणि मऊ एक कर. घडी घाल, ठोक, पुन्हा घडी घाल. नुसतं चिकटलं की खरंच जोडलं, ते चिंचेच्या पाण्याला विचार. हाती तीन दिवस आहेत, चौथा नाही."

तुळजेनं मोडक्या सुऱ्याचे तुकडे उचलले, आपला विळा तोडला आणि थरावर थर रचून भट्टीत घातले. पहिल्या दिवशी घाईत गंज घासायचा राहिला. घाव बसताच थर सुटून पडले. दुसऱ्या दिवशी तिनं लखलखीत घासलं, वर सांधा धरायला टाकणखार पेरला. पण भाता सोडून घण उचलेस्तोवर लोखंड निवलं. चिंचेच्या पाण्यात काळी फट उघडी पडली. एकटीचं काम नव्हतंच ते.

तिसऱ्या दिवशी वेलीचं पान राजपुत्राच्या हनुवटीला लागलं.

"धनी, घाव घालायला या," तुळजा म्हणाली.

"या हातात घण धरवत नाही, तुळजे."

"मग धरू नका. हातच मारा."

"माझं पोलाद विळ्याच्या लोखंडात घालू?"

"मोडलेलंच आहे ते, धनी. आणि तिकडे लेकरू गुदमरतंय."

हैबती उठला. तिनं भाता ओढला, लोखंड पांढरं झालं, ती "आता!" म्हणाली आणि दगडाची मूठ ऐरणीवर पडली. मुठीला चटका कसला तो लागेना. सात घड्या झाल्या, सुरा झाला, सुऱ्याला पाणी दिलं. दोघं धावत महालात गेली.

राजा म्हणाला, "हे तर साधं काळपट पातं."

"महाराज, चिंचेचं पाणी मागवा," तुळजा म्हणाली.

पाणी ओतलं. पात्यावर हळूहळू ओढ्यासारख्या लाटा उमटल्या. काळी रेघ पोलादाची, उजळ रेघ विळ्याची. हैबतीनं टोकापासून मुठीपर्यंत फट शोधली. सापडली नाही.

"माझं कुठं संपतं नि तुझं कुठं लागतं, कळत नाही गं," तो म्हणाला, आणि भर दरबारात रडला.

तुळजेनं घाव घातला. पोलादानं वेल कापली, विळ्यानं झटका सोसला. राजपुत्रानं पोटभर श्वास घेतला. त्याच क्षणी हैबतीच्या हातावरचा दगड सालपटासारखा गळून पडला. तळहातावर मात्र लाटांच्या रेघा राहिल्या.

"बक्षीस माग," राजा म्हणाला.

"महाराज, तोडलेली झाडं लावा. खुरपं मी देते."

राजानं स्वतः पहिला खड्डा खणला. रोपानं मूळ धरलं तसं विकटनाथाचं धुकं डोंगरापलीकडे उतरलं.

घरी हैबती जेवायला बसला. तुळजेनं सवयीनं घास उचलला. त्यानं तिचा हात थांबवला, आपल्या हातानं भाकरी मोडली आणि पहिला घास तिला भरवला.

त्यांची भट्टी पेटती राहिली, तशी तुमची चूल पेटती राहो.