उलटी गेलेली सुई

“मग शून्य कुठंय, बाबा?”

मुरलीधरनं वही लतीफबाबांच्या पुढ्यात जवळजवळ आपटलीच.

लतीफबाबा तकियातले, म्हणजे फकिरांच्या मठीतले, फकीर. अर्धी हयात लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर गेली, आता ओट्यावर बसून येईल त्याला विजेचं काम शिकवत. मुरलीधर डिप्लोमा करून आलेला. तीन वर्षं झाली होती त्याला बाबांकडं.

डोंगरापलीकडच्या दवाखान्यात लसींचा फ्रिज सौर बॅटरीवर चालायचा. तो सांभाळायला मुरलीधरला जायचं होतं, आणि बाबांनी नेमलं त्यांच्याकडंच शिकणाऱ्या गफूरला. ज्याला धड सही येत नाही त्या गफूरला. मुरलीधर नुसता पेटला. सकाळभर तो बोलत होता आणि बाबा ऐकत होते. मग बाबांनी एक बॅटरी, तिला एकामागं एक जोडलेले तीन बल्ब आणि व्होल्ट मोजायचं सुईचं मीटर त्याच्यापुढं ठेवलं. म्हणाले, एकेकावर व्होल्ट मोजत फेरी पुरी कर, बेरीज आण.

जिथून निघालो तिथंच परत आलं, की वाटेतल्या साऱ्या चढउतारांची बेरीज शून्य, एवढं तर त्याला झोपेतही ठाऊक होतं. आणि बेरीज आली चोवीस.

“बॅटरी बारा व्होल्ट. बल्ब चार, चार, चार. तुमची जोडणीच खोटी आहे, बाबा. मला पाडायलाच केलीत ती.”

बाबांनी बल्बांकडं पाहिलं. तिन्ही सारखे जळत होते.

“सुई कुठं उलटी गेली होती?”

“तिन्ही बल्बांपाशी.”

“मग?”

“मग काय... मीटरची लाल तार काळीच्या जागी लावली. सुई सुलटी आली. कुणीही तेच करतो.”

“वहीत लिहिलंस?”

“ते काय लिहायचं?”



बाबांनी पुढं सरकून मुरलीधरची दोन्ही मनगटं धरली. फेरीच्या वाटेनं लाल तार पुढं, काळी मागं. बॅटरीवर सुई बारापर्यंत चढली. पहिल्या बल्बावर ती शून्याच्याही मागं जाऊन खाडकन टेकली, आणि मुरलीधरचे हात आपसूक वळायला लागले.

म्हाताऱ्याची पकड सुटेना.

दुसरा बल्ब. तिसरा. प्रत्येकाला तेच. पुढचं गणित त्याला कुणी सांगायला नको होतं. बारा चढले, बारा उतरले. त्याचे कान तापले, पण राग होता तिथंच होता.

“बरं, चिन्ह चुकलं माझं. एवढ्यावरून मला मागं ठेवणार? त्या गफूरला तर बेरीजही येत नाही. त्यानं असे काय दिवे लावले?”

“हीच फेरी त्यालाही दिली होती. पहिल्याच बल्बाला सुई उलटी गेली. तो मीटर तसंच ठेवून मला बोलवायला आला.”

“आणि हे त्याचं शहाणपण?”

बाबांनी त्याची मनगटं सोडली...

“तुझी सुई तीनदा उलटी गेली, बेटा. मी इथंच बसलो होतो.”