भिवरा कासारीण आणि मुकी काच

हिवरदरीला सडक नव्हती, खिंडीतून बैलवाट तेवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वी त्या खिंडीतून भिवरा कासारीण गावात यायची. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायांत जाड वहाणा. ती कुठली, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे घाटावरची, कुणी म्हणे नदीपल्याडची. विचारलं तर ती हसायची आणि म्हणायची, "मागच्या गावची."

गावातल्या प्रत्येक पोरीच्या हातात पहिली काच भिवराच चढवायची. पुढे तिच्या लग्नाचा चुडा भिवराच भरायची, आणि बाळंतपणानंतरच्या हिरव्या बांगड्याही तिच्याच हातच्या. एकेक मनगट तिनं असं उभं आयुष्य हातात घेतलेलं असायचं.

असं म्हणतात, की जिचं मन मिटलेलं असेल, तिच्या हातात भिवरेची बांगडी वाजायचीच नाही. हात कितीही हलवा, काच मुकीच. मग भिवरा पाटी बाजूला सारायची आणि हात न सोडता विचारायची, "कधीपासून गं?" काय कधीपासून, ते बोलायची नाही. पण जिला विचारलं तिला बरोबर समजायचं.

भिवरेला स्वतःलाच याचं मोठं कोडं होतं. काच तीच, भट्टी तीच, मग एकीच्या हातात वाजते आणि दुसरीच्या का नाही? वाट चालताना ती एकेक मनगट आठवून बघायची. जिला लहानपणी सारखं गप्प बसवलं, तिची काच लग्नानंतर मुकी व्हायची. जिच्याशी घरात कुणी ना कुणी बोलायचं, तिची मोठ्या दुःखानंतरही हळूहळू पुन्हा वाजू लागायची. भिवरेला वाटायचं, दुखणं एका माणसाचं दिसतं खरं, पण ते येतं चार घरांतून फिरून.

एकदा ती ठकूबाईच्या दारात आली. ठकूबाईची सून तुळसा नुकतीच बाळंत झाली होती. भिवरेनं आत पाय टाकला तर लेकरू टाहो फोडत होतं आणि तुळसा भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती, लेकराकडे बघतसुद्धा नव्हती.

"बांगड्या कसल्या भरतेस बाई," ठकूबाई डोळे पुसत म्हणाली. "हिला बाहेरच्या कुणीतरी धरलंय. सगळं गाव तेच म्हणतंय. येत्या अवसेला हिला खिंडीतल्या झाडाला बांधायचं देवऋषीनं ठरवलंय. नाहीतर लेकरू हातचं जाईल."

भिवरेनं तुळसाचा हात घेतला. एक बांगडी चढवली, दुसरी चढवली. काच वाजली नाही. उलट इतकी गार पडली, की तिची बोटं बधिर झाली, असं म्हणतात. आणि त्या गारठ्यात भिवरेला आठवली वाटेवरच्या दुसऱ्या एका गावात याच हातात तिनं चढवलेली पहिली बांगडी. तेव्हा तुळसा परकरी पोर होती, आई नुकतीच गेलेली. तिनं विचारलं होतं, "आईच्या बांगड्यापण जळाल्या का?" मावशीनं तिला दटावलं होतं आणि पोर तिथंच गप्प झाली होती. मग मावशीकडून मामाकडे, मामाकडून चुलत्याकडे, आणि तिथून थेट सासरी. वाढत्या वयात तिचं मनगट मात्र बारीक होत गेलं होतं.

"ठकूबाई," भिवरा म्हणाली, "हिला कुणी धरलेलं नाही. तीच तर गोष्ट आहे. हिला आजवर कुणी धरलंच नाही."

मग ती तुळसाच्या कानाशी वाकली. "काच जळत नाही गं पोरी. विस्तवात मऊ होते आणि राखेत खडा होऊन राहते. तुझ्या आईच्यापण राहिल्या असतील."

तुळसानं मान वळवली. आणि इतक्या वर्षांचं रडू त्या घरात फुटलं.

ठकूबाई घाबरली. भिवरा म्हणाली, "रडू दे. तू लेकराला घे, मी हिला बघते." त्या दिवसापासून ती तिथून हलली नाही. तिनं तुळसाचा हात धरला तो धरलाच. बाहेर पाटी तशीच पडलेली बघून शेजारणी डोकावल्या. भिवरेनं एकीला पेज करायला लावलं, एकीला अंगाला तेल लावायला. एकीला म्हणाली, "तू नुसती बस आणि हिचा हात धर, मी तोंड धुऊन येते." हळूहळू बाया आपण होऊन येऊ लागल्या. अवस आली. देवऋषी दोर घेऊन आला तर दारापासून माजघरापर्यंत बायाच बाया, आणि मधे त्याची स्वतःची बायको तुळसाचा हात धरून बसलेली. तो ओट्यावर टेकला. बराच वेळ बसला, आणि मग कधीतरी उठून घरी गेला.

तुळसा काही एका दिवसात उठली नाही. बरे दिवस आले, वाईट आले, पुन्हा बरे आले. एका सकाळी तिनं आपण होऊन लेकराला उचललं आणि तिच्या हातातली काच वाजली. तो आवाज खिंडीपलीकडच्या गावात ऐकू गेला, असं म्हणतात.

पुढे भिवरा बाप्यांचेही हात धरू लागली. पारावरचे म्हातारे हसायचे, "आम्हाला बांगड्या भरतेस का?" ती म्हणायची, "मनगट तर तुम्हालाही आहे." हसणाऱ्यांतले काही रडले. सगळेच बरे झाले, असं मात्र कुणी म्हणत नाही.

एका साली ती खिंडीतून गेली ती परत आली नाही. कुणी म्हणतं तिथल्या खडकात काच चमकते ती तिच्या पाटीची. खरं-खोटं तो खडक जाणे.

हिवरदरीत मात्र आजही कुणी बाळंत झालं, कुणाचं माणूस गेलं, कुणी अबोल झालं, की घरटी एक माणूस तिथं जाऊन बसतं. लेकरू बघायचं ते नंतर, आधी आईचा हात हातात घ्यायचा. याला तिथं 'भिवरेचा हात' म्हणतात. भर पेरणीत कुणी तिफण सोडून गावाकडे निघालं आणि कुणी विचारलं, कुठे निघालास, तर ते म्हणतं, "भिवरेचा हात द्यायला." मग कुणी अडवत नाही. शेजारचा येऊन त्याची तिफण धरतो.