पालथ्या मडक्याची कहाणी

ऐका चुलाई माउली, तुमची कहाणी. आटपाट नावाचं नगर, त्याला एक राजा, राजाला एक राणी. राणीचं मन मोठं मऊ. तिनं सोमवारचा वसा घेतला, "नगरातली एक जरी चूल थंड असली, तरी मी जेवायची नाही." मग दर सोमवारी ती गच्चीवर जाई, चहूंकडे पाही. घराघरांतून धूर निघे. राणी हात जोडी, म्हणे, "माझं नगर जेवलं," आणि खाली येऊन पानावर बसे.

नगराच्या टोकाला बुरूडआळी होती. तिथं भिवरा राहत होती. नवरा काम शोधायला परमुलखात गेलेला, पदरी एकच लेक, तिचं नाव तानी. पूर्वी भिवरा सुपं विणी, रोवळ्या विणी, दोन वेळचं निभे. मग राजाला शिकारीचा नाद लागला. त्यानं शिकार राखायला रानातल्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाला कुंपण घातलं. कळक नाही, तर सूप कशाचं विणावं? आळीतले हात रिकामे झाले, मग मडकी रिकामी झाली.

पण भिवरा मानी. चूल थंड दिसली तर शेजारीण काय म्हणेल? म्हणून ती रोज ओला पाला आणी, चुलीत घाली, वर नुसत्या पाण्याचं मडकं ठेवी, फुंकून फुंकून डोळे लाल करी. आपल्याला का हे ठाऊक नाही, बायांनो? पाहुणा दारी आला की रिकामा डबासुद्धा आपण जड असल्यासारखा उचलतो. आळीत सगळ्यांत दाट धूर भिवराचा. तो पाहून राणी जेवे, आणि तानी पाणी पिऊन निजे.

एका सोमवारी एक म्हातारी दारी आली. म्हणाली, "बाई, चूल पेटलीय, वाटीभर पेज दे." भिवरा म्हणाली, "आजी, आत्ताच जेवणं झाली." म्हातारी गेली. दुसऱ्या सोमवारी आली, पेज मागितली. भिवरा म्हणाली, "आजी, अजून शिजायची आहे." म्हातारी गेली. तिसऱ्या सोमवारी आली. "शिजायची आहे? शिजू दे, मी थांबते," म्हणाली आणि बसली. पाणी उकळलं, पाणी आटलं, मडकं तडतडू लागलं. तेव्हा तानी म्हणाली, "आजी, त्यात काही नसतं गं."

भिवराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पदरात तोंड घालून रडली. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाली, "वेडे, लेकीच्या पोटापेक्षा लाज का मोठी? आणि उपाशी राहणाराला कसली गं लाज?"

"मग आजी, मी काय करू?"

"मी सांगते तो वसा घे. येत्या सोमवारी चूल पेटवू नको, सारवून ठेव. मडकं दाराबाहेर पालथं घाल, शेजारी ताठ बस. कुणी विचारलं तर खरं सांग." असं म्हणून म्हातारी गेली. ती चुलाईच होती, पण भिवराला काय माहीत?

सोमवार आला. भिवरानं मडकं पालथं घातलं. तीनदा उचलायला उठली, तीनदा खाली बसली. तेवढ्यात शेजारची सारजा आली. "भिवरे, हे काय गं?"

"घरात दाणा नाही, सारजाबाई."

सारजा तशीच माघारी आपल्या घरात गेली. भिवराला वाटलं, आता आळीभर बोभाटा होणार. तर सारजा आपलं मडकं घेऊन बाहेर आली, तिनंही ते पालथं घातलं आणि भिवराला टेकून बसली. मग तिसरी आली, मग चौथी आली. दुपारपर्यंत आळीभर पालथी मडकी. इतके दिवस खुळ्या एकमेकींना धूर दाखवत होत्या.

राणी गच्चीवर गेली. पाहते तो बुरूडआळीत धूर नाही. ती उपाशी राहिली. म्हणाली, "सरपण नसेल. गाडीभर पाठवा." सरपण आलं, बायांनी रचून ठेवलं. दुसरा दिवस गेला, राणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या दिवशी ती अनवाणी आळीत आली, भिवराजवळ मातीत बसली. म्हणाली, "बाई, दोन दिवसांत माझे पाय लटपटतात. तू कधीपासून अशी?"

"बेट बंद झालं तेव्हापासून, राणीसाहेब."

"मी कोठार उघडते, पोती पाठवते."

"पाठवा. लेकरं जेवतील, तुमचं भलं होईल. पण पोती सरतील. आम्ही बुरडिणी आहोत, भिकारणी नाही. आमचं बेट उघडा."

राणीनं पोती पाठवली आणि तशीच राजाकडे गेली. "बेट उघडेपर्यंत अन्न घेणार नाही," म्हणाली. राजा रागावला, मग रुसला, मग राणीचं सुकलेलं तोंड पाहून वरमला. कुंपण निघालं. बायांनी कळक आणले, सुपं झाली, बाजार भरला. भिवराचा नवरा घरी आला.

पुढल्या सोमवारी आळीत धूर निघाला. पण राणीचा धुरावर भरवसा कुठं राहिला होता? ती गच्चीवर गेलीच नाही, थेट भिवराच्या घरी आली, मडक्यावरचं झाकण उचललं. आत कळकाच्या कोंबांची भाजी रटरटत होती, बाजूला भाकरी होत्या. तानी जेवून हात धूत होती. म्हणाली, "राणीबाई, माझं पोट भरलंय. तुला वाढू?"

राणीला रडू आलं. ती तिथंच मांडी घालून बसली, आणि तानीनं तिला वाढलं.

तर बायांनो, हा वसा असा करावा. आपण जेवण्याआधी शेजारी जावं, धूर पाहून मागे फिरू नये. आपल्या घरी नसलं, तर पदराआड झाकू नये. चुलाई माउली भिवराला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, सगळ्यांची लेकरं पोटभर जेवोत. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी सांगितली, ती घरोघरी सुफळ होवो, चुलीचुलीला संपूर्ण होवो.