होडीवरचा मांडव

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती खाडी कुठल्या राजाच्या राज्यात होती हेही आता कुणाला सांगता येणार नाही.

त्या खाडीच्या काठी बुधा नावाचा तांडेल राहायचा. एका शिडाची छोटीशी होडी आणि एकुलती एक लेक चांगुणा, एवढाच त्याचा संसार. चांगुणाचं लग्न ठरलं ते पैलतीरावरच्या गावात, आणि बुधाला आभाळ ठेंगणं झालं. जो भेटेल त्याला थांबवून तो लग्नाची बातमी सांगायचा. ज्यांना आधी सांगितली होती त्यांनाही पुन्हा सांगायचा.

तिथला रिवाज असा होता, की नवरीला तिच्या बापाच्याच होडीतून सासरी न्यायचं. मुहूर्त निघाला वैशाखातल्या संध्याकाळचा. पण होडी सुटायची भरतीला, आणि भरती भर दुपारी. मागच्या उन्हाळ्यात चांगुणाला ऊन लागलं होतं आणि ती तापाने फणफणली होती. बुधाच्या जिवाला घोर लागला. लेक बोहल्यावर उभी राहायच्या आधीच आडवी झाली तर?

आणि एका सकाळी तो ओरडतच अंगणात आला. "चांगुणे, सुचलं गं सुचलं! होडीला छत घालू! तू सावलीत बसून सासरी जाशील, राणीसारखी!"

झालं! साऱ्या गावाला उधाण आलं. कुणी बांबू आणले, कुणी जुनं शीड धुऊन दिलं. होडीच्या मागच्या अंगाला चार बांबू उभे राहिले, त्यांवर कापड ताणलं गेलं. पोरं त्या सावलीत बसायला भांडू लागली. बायकांनी आंब्याच्या डहाळ्या लावल्या, झेंडूच्या माळा सोडल्या. बुधा तर पाण्यात उतरून चारही बाजूंनी आपली होडी बघत होता आणि एकटाच हसत होता.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण पुढे आली. सारा गाव तिला आत्या म्हणायचा, आणि तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

"अरे बुधा, हे छत कुठलं? हा तर लग्नाचा मांडव झाला!" आत्या म्हणाली. "मग मांडवासारखाच बांध. हळदीचा दोरा गुंडाळ आणि गाठी पक्क्या मार. लग्न लागेपर्यंत मांडवाची गाठ सुटता कामा नये."

"मारतो की!" बुधा म्हणाला. आनंदाच्या भरात त्याने अशा गाठी आवळल्या, की दाताने ओढल्या तरी सुटू नयेत. वर आत्याने त्यांवर हळदकुंकू वाहिलं.

भरती आली. ढोल वाजले. शीड फुगलं आणि होडी निघाली. काय तो थाट! मागून येणाऱ्या होड्यांतले वऱ्हाडी उन्हाने लाल झाले होते, आणि चांगुणा सावलीत बसून त्यांना हात हलवत होती. तिच्या शेजारी आत्या पूजेचा कलश घेऊन बसली होती. सुकाणू धरून उभ्या असलेल्या बुधाचा ऊर भरून आला होता.

खाडीच्या मध्यावर वारा फिरला. एकाएकी आडवा झोत आला आणि होडी एका अंगावर कलली. बुधा घाबरला नाही. असे वारे त्याने जन्मभर पाहिले होते. शिडाची दोरी एका ओढीत सुटेल अशीच बांधायची, हे त्याच्या हातांना पाठ होतं. त्याने दोरी ओढली. शीड सैल पडून फडफडू लागलं.

पण होडी सरळ होईना! बुधाने वर पाहिलं. छताच्या कापडात वारा गच्च भरला होता. शिडासारखी एका ओढीत सुटणारी गाठ छताला मारायला तो विसरला होता. पाणी काठावरून आत येऊ लागलं.

त्याने झटकन कोयता उचलला. आत्याने त्याचा हात धरला.

"मांडव तोडू नकोस! पोरीच्या संसाराला अपशकुन होईल!"

बुधाचा हात थबकला. ज्या लेकीसाठी एवढं केलं, तिच्याच नशिबावर घाव कसा घालायचा? पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं.

चांगुणा बांबूला घट्ट धरून ओरडली, "बा, मांडव माझ्यासाठीच बांधलास ना? मग मी बुडाल्यावर त्याच्याखाली कोण बसणार?"

आत्याने चांगुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बुधाचा हात सोडला. कोयता सपासप चालला. हळदीचे दोरे तुटले, दोऱ्या तुटल्या, आणि झेंडूच्या माळांसकट मांडव वाऱ्यावर उडून दूर पाण्यात पडला. होडी हिंदकळून सरळ झाली. आणि आत्या? तिने पूजेच्या कलशावरचा नारळ मांडीवर घेतला आणि ती त्याच कलशाने भराभरा पाणी उपसायला लागली!

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा नवरीची हळद धुऊन गेली होती, चेहरा उन्हाने तापला होता. बुधा मान खाली घालून उभा राहिला.

"विहीणबाई, मांडव राखता आला नाही मला," तो म्हणाला.

चांगुणाची सासू कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. तिने आपला पदर सुनेच्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, "मांडव आमच्या दारात घातलेलाच आहे. वाट बघत होतो ती पोरीची."

त्या संध्याकाळी लग्न लागलं आणि ढोल पहाटेपर्यंत थांबले नाहीत. पुढे त्या खाडीतल्या प्रत्येक होडीला छत आलं. पण नवरीच्या होडीवर छत चढलं की घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आधी ते एका ओढीत सोडून दाखवायचं आणि मगच डहाळ्या लावायच्या, असा नवा रिवाज पडला. तो पाडला आत्यानेच.

तात्पर्य: माणसाच्या सुखासाठी बांधलेली गाठ त्याच्याच जिवावर उठली, तर ती सोडायला क्षणाचाही उशीर करू नये.