गडावर गेलेले पत्र

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एक दप्तरदार होता. राज्यातले सारे कागद रुमालात बांधून जपायचे, हे त्याचे काम.

कागद ठेवायला जागा दोनच. कचेरीतले दालन लहान, पण हाताशी. गडावरचे कोठार ऐसपैस, पण तिथे जाऊन यायला चार दिवस लागत. दप्तरदाराने मानाप्रमाणे वाटणी केली. राजघराण्याच्या वंशावळी दालनात. रयतेची पत्रे मात्र रुमालाची गाठही न सोडता थेट गडावर. तिथला कारकून गाठ सोडी आणि ज्याचे पत्र त्याला खाली धाडी. वंशावळींना वर्षानुवर्षे कुणी हात लावत नसे. वाळवीनेसुद्धा त्यांचा नाद सोडला होता.

एकदा एक म्हातारी म्हणाली, "दादा, पत्रं खालीच ठेवा की. चार दिवस जीव टांगणीला लागतो."

"आजी, ज्याची त्याची पायरी असते," दप्तरदार म्हणाला.

खरे तर त्याचाही जीव टांगणीलाच होता. एकुलती एक लेक दूरदेशी दिलेली. सात वर्षांत भेट नाही. जेवायला बसला की तिची आठवण येई.

अखेर एके दिवशी गडावरून तिचे पत्र आले. "बाबा, पौर्णिमेला आमचा तांडा तुमच्याजवळच्या नदीघाटावर उतरेल. एकच दिवस. पुन्हा या वाटेला येणं नाही. तुम्ही या."

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पत्र मात्र पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच कचेरीत आले होते. त्यानेच ते गडावर धाडले होते.

तो धावत घाटावर गेला. चुलीचे तीन दगड तेवढे उरले होते, राख गार झाली होती. नावाड्याने एक पुरचुंडी पुढे केली. "पोर दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसली होती हो."

आत तिळाच्या वड्या होत्या, त्याला आवडायच्या तशा. तो तिथेच बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी निघून त्याने वंशावळी स्वतःच्या खांद्यावरून गडावर चढवल्या आणि येताना पत्रांचे रुमाल खाली आणले. पुढे म्हातारीला तिच्या लेकाचे पत्र आल्या दिवशीच मिळू लागले. दप्तरदाराची लेक मात्र पुन्हा त्या वाटेने आली नाही.

म्हणून, काय कुठे ठेवायचे हे त्याचा मान पाहून ठरवू नये. त्याची गरज कुणाला आणि किती तातडीने लागते, हे पाहून ठरवावे.