घाईतला पंखा

कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे, तेव्हाची गोष्ट. एका कॉम्प्युटरचा गाभा, म्हणजे त्याचा मुख्य प्रोग्राम, बांधायचा होता आणि आत जायला ड्रायव्हरांची, म्हणजे एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, रांग लागली होती. त्यात पंख्याचा ड्रायव्हर होता. त्याला आपण पंखाच म्हणू. दारावरचा कर्सर डोळे मिचकावत प्रत्येकाला विचारायचा, "तुझं कुणावाचून अडतं? तो आत आहे का?"

पंख्याला घाई होती. "माझं या तापमापकावाचून अडतं," असं म्हणत त्याने रांगेत मागे उभ्या तापमापकाला, कर्सरने काही विचारायच्या आतच, हाताला धरून ओढत आत नेलं.

"अरे, पण माझं..." तापमापक म्हणाला.

"तू चल रे, मी आहे ना."

बांधकाम अर्ध्यावर अडलं. तापमापकाच्या तोंडून आकडाच फुटेना. सगळ्यांना पुन्हा बाहेर काढलं.

"माझं तारेवाचून अडतं," तापमापक म्हणाला. "माझा आकडा तीच पोचवते, आणि ती रांगेत शेवटी उभी आहे."

"मग आधी सांगायचं ना."

"सांगतच होतो."

पंखा खजील होऊन तारेकडे गेला. "ताई, तुझं कुणावाचून अडतं?"

"कुणावाचूनच नाही," तार हसली. "पण विचारलंस, बरं वाटलं."

आधी तार आत गेली, मग तापमापक आणि त्याच्यामागून पंखा. कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा सगळ्यांत आधी ऐकू आली ती पंख्याचीच घरघर.